कऱ्हाड ते गुहागर, पेट्रोलची वही घेऊन

गुहागरचा समुद्र तुम्ही पाहिला असेल. नसेल पाहिला तर एकदा जरूर पाहा. पण मैत्रिणींनो, आज मी तुम्हाला समुद्राचं फारसं सांगणार नाही. सांगणार आहे ते वाटेतल्या कुंभार्ली घाटाचं, आणि सगळ्या वाटेवर माझ्या मांडीवर असलेल्या वहीचं. किराणा, दूध, औषधं आणि पेट्रोल असे चार रकाने असलेली ही वही मी गेली कित्येक वर्षं घालते आहे. पहिल्या तीन रकान्यांनी आमच्या घरात कधी भांडण लावलं नाही. चौथ्यानं लावलं.

त्याचं असं झालं. मेमध्ये आम्ही गाडी घेतली. नवी नव्हे, वापरलेली, पण हायब्रिड. पुण्याच्या वन्संच्या यजमानांचीच ती. त्यांना मोठी गाडी घ्यायची होती, आमची जुनी डिझेलची कुरकुरत होती. घरातल्या घरात व्यवहार झाला. भाऊजी म्हणाले, "डोळे मिटून घ्या, तेवीसचं ॲव्हरेज देते." पैसेही त्यांनी एकरकमी मागितले नाहीत. आम्ही खूष.

हायब्रिड म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक असेल. तरी थोडक्यात सांगते. हिला घरी वायर लावून चार्ज करावं लागत नाही. पेट्रोलचं इंजिन असतंच, शिवाय विजेची मोटार आणि एक लहानशी बॅटरी असते. ब्रेक दाबला की जो जोर एरवी ब्रेकच्या उष्णतेत फुकट जातो, त्याची ही गाडी वीज करते, बॅटरीत ठेवते आणि पुन्हा निघताना वापरते. १९९७ साली जपानात टोयोटानं प्रियस काढली तिथून हे सुरू झालं. आपल्याकडे मध्यम घरांना झेपतील अशा हायब्रिड गाड्या होंडा, टोयोटा, मारुती यांनी २०२२ मध्ये आणल्या. तेव्हाच्या गाड्या आता जुन्या बाजारात येऊ लागल्यात, म्हणून तर हे लिहायला बसले.

तर, कऱ्हाडात आल्यावर पहिल्या टाकीला माझ्या हिशेबानं सोळा आलं. दुसऱ्या टाकीला साडेपंधरा. पावसाळ्यात एकदा तर पंधरा. पेट्रोल २०२१ मध्ये शंभरी ओलांडून गेलेलं. तेविसाच्या जागी पंधरा म्हणजे महिन्याच्या खर्चात केवढी भर पडते, तुम्हीच मांडून बघा. ह्यांचा चेहरा उतरला. मग एक दिवस जेवताना हे बोलून गेले, "सख्ख्या बहिणीच्या घरून फसवणूक झाली." सासूबाई ताटावरून न जेवता उठल्या. राखी पौर्णिमेला वन्सं आल्या, पण दोघं बहीणभाऊ हवापाण्याचं बोलले फक्त. आणि नवरात्रात ह्यांनी जाहीर केलं, की यंदा भाऊबीजेला पुण्याला जायचं नाही.

दसरा झाल्यावर सासूबाईंनी माहेरी, गुहागरला, जायचा हट्ट धरला. "मला एकदा भावाला भेटव, मग काय ते तुमचं चालू द्या," म्हणाल्या. आम्ही दोघं, सासूबाई आणि दहावीतली लेक असे निघालो. निघण्याआधी पंपावर टाकी पूर्ण भरली. वही अर्थातच माझ्याजवळ.

कऱ्हाडहून पाटणचा रस्ता कोयनेच्या काठाकाठानं जातो. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. आमच्या भागात ऊस म्हणजे साखर, असं आपण म्हणत आलो. आता ऊस म्हणजे पेट्रोलसुद्धा. २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि त्यातला काही वाटा उसाचा. लिटरला लिटर धरलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी जोर असतो. म्हणजे निव्वळ पेट्रोलशी तुलना केली तर शंभरातले सहा-सात टक्के तिथंच जातात. भाऊजींनी गाडी घेतली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल याच्या निम्मंच असायचं, म्हणजे त्यांच्या नि आमच्या पेट्रोलात फरक तीन-चार टक्क्यांचा. हे मी गाडीत बोलून दाखवलं. हे म्हणाले, "तीन-चार टक्क्यांनी तेविसाचे पंधरा होत नाहीत." खरंच होत नाहीत. गप्प बसले.

हेळवाकपाशी एक गंमत बघण्यासारखी आहे. कोयना नदी महाबळेश्वराकडून सरळ दक्षिणेला येते आणि इथं एकदम काटकोनात पूर्वेला वळते, ती थेट कऱ्हाडच्या प्रीतिसंगमात कृष्णेला मिळायला. पण सगळं पाणी काही आपल्याकडे येत नाही. कोयनानगरच्या धरणात ते अडवतात आणि बरंचसं बोगद्यातून उलट्या दिशेनं, पश्चिमेला, सह्याद्रीच्या पोटातून खाली पोफळीला सोडतात. खाली पडताना त्याची वीज होते. नेहरू उद्यानातून धरण छान दिसतं. ऑक्टोबर असल्यानं शिवसागर काठोकाठ होता. सासूबाईंना १९६७ च्या डिसेंबरातला भूकंप आठवला. "पहाटेची वेळ. गुहागरला आम्ही सगळे अंगणात पळालो, आणि आई तेवढ्यात चुलीवरचं दूध उतरवून आली," म्हणाल्या. दरवेळी सांगतात, आणि दरवेळी ते दूध सांगायला विसरत नाहीत.

धरणापासून थोडं पुढं गेलं की घाटमाथा लागतो. तिथं चहा, भजी, मक्याची कणसं आणि माकडं. माकडांपासून पिशव्या सांभाळा. माथ्यावर मी गाडीच्या पडद्यावरचा आकडा टिपला: एकोणीस. इथवरचा रस्ता मोकळा, थांबाथांबी कमी. कऱ्हाडातल्या पंधरा-सोळापेक्षा हा आकडा आपोआपच वर गेला होता, तेव्हाच खरं तर माझ्या डोक्यात काहीतरी यायला हवं होतं.

मग उतार सुरू झाला. इंजिन बंद, आवाज नाही, नुसती गाडी घरंगळल्यासारखी. पडद्यावर बॅटरीचे चौकोन एकेक करून भरत होते. लेक मोठ्यानं मोजत होती. उजव्या हाताला दरी, ओला कातळ, मधूनच पाण्याची बारीक धार. फार सुंदर घाट आहे हो. आम्ही मात्र चौकोन बघत होतो. चार-पाच वळणं गेली, चौकोन सगळे भरले, आणि एकाएकी इंजिन घोंऽ करून ओरडायला लागलं. पाय ब्रेकवर, ॲक्सिलरेटरला स्पर्श नाही, उतार चालू, आणि इंजिन चढावर असल्यासारखं ओरडतंय! ह्यांनी गाडी कडेला घेतली. खाली उतरून बॉनेट उघडलं, बंद केलं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बघ. बिघडलेली गाडी गळ्यात मारली आपल्या." सासूबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. पोफळी, अलोरे, शिरगाव ही गावं कधी गेली ते मला आठवत नाही. चिपळूणला वाशिष्ठीच्या पुलाजवळ मिसळ खाल्ली, ती तिखट होती एवढंच.

चिपळूणात एक काम मात्र बरं झालं. चाकांत हवा भरून घेऊ म्हटलं. हवावाल्या मुलानं मीटर लावला; चारही चाकांत सव्वीस-सत्तावीस. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर गाडीवाल्यांनी एक चिकटपट्टी लावलेली असते, त्यावर आमच्या गाडीसाठी तेहतीस लिहिलं होतं. मे महिन्यापासून आम्ही हवा एकदाच बघितली होती, तीही अंदाजानं. मऊ चाक म्हणजे ओल्या कणकेवर लाटणं फिरवल्यासारखं. जोर लागतो, पुढं सरकत नाही. मी वहीत लिहून ठेवलं.

चिपळूणपासून गुहागरचा रस्ता लहान चढ-उतारांचा. मार्गताम्हाने, शृंगारतळी, मोडकाआगर अशी एकेक गावं येतात, टेकडी चढायची, टेकडी उतरायची. आणि इथं गाडी इतकी शहाण्यासारखी चालली की काय सांगू. उतरताना चौकोन भरायचे, पुढच्या चढाला तेच वापरून संपायचे. इंजिन अधूनमधूनच. गुहागरात, सुमारे एकशे पस्तीस किलोमीटर झाल्यावर, पडद्यावर चोवीस!

मामांचं, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या भावाचं घर समुद्राला लागून. पुढं अंगण, मागं नारळ-पोफळीची वाडी, त्यापलीकडे सुरूची झाडं आणि मग वाळू. मामांची सगळी नोकरी कोयना प्रकल्पात, अलोऱ्याच्या वसाहतीत गेली. १९९९ च्या मार्चात शिवसागराच्या तळाखाली शेवटचा खडक फोडून पाणी बोगद्यात घेतलं, तेव्हा ते तिथं कामावर होते. रात्री जेवणं झाल्यावर ह्यांनी त्यांना घाटातली तक्रार सांगितली, भाऊजींचा उद्धार न करता, पण सूर कळण्यासारखा.

मामांनी विचारलं, "ओरडली तेव्हा बॅटरी भरलेली होती का?"

लेक म्हणाली, "पूर्ण. मी मोजत होते."

"मग धरण भरल्यावर काय करतात?"

"दरवाजे उघडतात."

"तेच केलं तिनं," मामा म्हणाले, आणि भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढून त्याच्या पाठीवर हिशेब मांडला. तो तुम्हाला सांगते, कारण मला तरी तो वीजबिलाच्या युनिटात समजला. आमची माणसं-सामानासकट गाडी सोळाशे किलो. घाट सुमारे सहाशे मीटर उतरायचा. एवढं वजन एवढ्या उंचीवरून खाली येताना अडीच युनिटांहून जास्त जोर मोकळा होतो. त्यातलं युनिटभर चाकं नि वारा खातात. उरलं दीड युनिट. आणि आमच्या गाडीची बॅटरी केवढी? पाऊण युनिटाची! आपली इस्त्री पाऊण तास चालवली तर तेवढी वीज जाते. त्यातलाही मधलाच हिस्सा गाडी वापरते, अगदी रिकामी किंवा काठोकाठ होऊ देत नाही. म्हणजे माथ्यावर तिच्यात पाव-अर्धा युनिटाचीच जागा. ती चार वळणांत भरली. पुढची वीज ठेवणार कुठं? मग गाडी इंजिनाला नुसतंच फिरवते, पेट्रोल न देता, म्हणजे त्याच्या ओझ्यानं वेग आवरतो आणि ब्रेक तापत नाहीत. ट्रकवाले उतारावर खालचा गिअर टाकतात, तेच. आवाज बिघाडाचा नव्हता, सांडव्याचा होता.

"आणि परत जाताना?" मी विचारलं.

"जाताना ते अडीच युनिट इंजिनानं उचलून द्यायचे. पेट्रोलचा दोन-तृतीयांश जोर उष्णतेत जातो, तेव्हा नुसत्या उंचीचे पाऊण लिटर धर. येताना जे मिळालं ते जाताना फेडायचं, आणि फेड नेहमी जास्तच असते."

हे काही बोलले नाहीत. पण उठून गेलेही नाहीत.

मला झोप येईना. समुद्राचा आवाज, नवी जागा. मी गाडीतली पुस्तिका घेऊन ओटीवर बसले. पाच महिने ती कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत होती, मिक्सरच्या पुस्तिकेसारखी. चाळता चाळता एक चित्र लागलं. मागच्या सीटच्या खाली बाजूला एक जाळी दाखवली होती. बॅटरीला गार ठेवणारा पंखा तिथून हवा ओढतो. ही जाळी कपड्यानं, सामानानं झाकू नये, वेळोवेळी धूळ काढावी, असं लिहिलेलं. बॅटरी तापली की गाडी तिचा वापर कमी करते आणि काम इंजिनावर टाकते.

मैत्रिणींनो, माझ्या पोटात गोळा आला. सासूबाईंची पाठ दुखते म्हणून मागच्या सीटवर मी स्वतः शिवलेली वाकळ घातली होती. छान लांब, खालपर्यंत लोंबती, सीट मळू नये म्हणून दोन्हीकडून खोचलेली. मे महिन्यापासून. मागून पंख्याचा घूंऽ आवाज येतो अशी लेकीची तक्रार होती, तर मी तिला म्हटलं होतं, एसीचा असेल.

पहाटे कोणी उठायच्या आत जाऊन वाकळ काढली. जाळीवर धुळीचा आणि सुताचा थर होता. सूत माझ्याच वाकळीचं. जुन्या मऊ ब्रशनं जेवढं निघालं तेवढं काढलं. (आतली गाळणी मात्र घरी आल्यावर गॅरेजमधूनच साफ करून घेतली, तिथं आपण हात घालू नये.) सांगावं की न सांगावं? चहाच्या वेळी सांगून टाकलं. हे खूप वेळ हसत होते. मला ते हसणं बोलण्यापेक्षा जास्त लागलं, पण पाच महिन्यांत गाडीच्या विषयावर ते पहिल्यांदाच हसत होते.

दोन दिवस राहिलो. समुद्रावर सकाळ-संध्याकाळ चाललो. व्याडेश्वराला सासूबाईंना घेऊन गेलो. परतताना घाट चढलो. इंजिन सबंध घाटभर बोललं, पण आता कुणी दचकलं नाही. कऱ्हाडात पोचलो तेव्हा परतीचे एकोणीस. पडद्यावरच्या आकड्यावर मी विसंबत नाही, तो बहुधा थोडा गोडच बोलतो. म्हणून त्याच पंपावर, त्याच नळीवर, पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथंच थांबवून टाकी भरली. भागाकार केला, जाऊन-येऊन वीस आणि काही. पंधरा नव्हे, तेवीसही नव्हे.

मग घरचे पंधरा कुठून आले? याचं उत्तर मला वहीतच मिळालं, पेट्रोलच्या नव्हे, किराण्याच्या रकान्यात. आमचं जाणं कसं? सकाळी शाळा, दोन किलोमीटर. तासाभरानं मंडई. दुपारी बँक. संध्याकाळी क्लास. प्रत्येक वेळी इंजिन थंड. हायब्रिड झाली तरी थंड इंजिनाला आणि धूर शुद्ध करणाऱ्या यंत्राला आधी तापावं लागतं, तेवढ्यासाठी बॅटरी भरलेली असूनही इंजिन चालत राहतं. तापेपर्यंत आपण पोचलेलो असतो. गॅसवर तवा तापवावा, एक पोळी करावी आणि बंद करावा, दिवसातून सहा वेळा, तसलं हे. शिवाय उन्हात उभी गाडी, बसल्याबरोबर एसी पूर्ण. आणि रविवारी ह्यांचं कोल्हापूरला जाणं, हमरस्त्यानं शंभराच्या वर. त्या वेगात ब्रेक लागतच नाही तर वीज कशाची साठणार? वाऱ्याचा अडथळा मात्र वेगाच्या वर्गानं वाढतो. ऐंशीऐवजी शंभरनं गेलं की तो दीडपटीहून जास्त.

भाऊजींचं तसं नव्हतं. कोथरूडहून शिवाजीनगरला एकदा जायचं, एकदा यायचं. इंजिन एकदा तापलं की पुढं सगळी रखडपट्टी: थांब, चाल, थांब. साध्या गाडीचा जीव जातो त्या गर्दीत, ही गाडी तिथंच कमावते. ते खोटं बोलले नव्हते. त्यांचा आकडा पुण्यातल्या त्या रस्त्याचा होता, आणि आम्ही तो गाडीबरोबर विकत घेतला असं समजत होतो. थोडं फुगवून सांगितलंच म्हणा त्यांनी, पडद्यावर बघून. पण पुरुषमाणूस ॲव्हरेज सांगताना एखाद-दोन वाढवून सांगतोच. आपण साडीची किंमत कमी करून सांगतो तसं.

तुमच्याकडे अशी वापरलेली गाडी येणार असेल तर "किती देते" याआधी "कुठं चालवली" हे विचारा. एका टाकीवरून काही ठरवू नका, तीन-चार टाक्या तरी लिहा, आणि शेजारी पाऊस होता की ऊन, घाट होता की गाव, हेही. हवा महिन्यातून दोनदा बघा. नवे टायर टाकलेले असतील तर कोणते, ते विचारा. टायर बदलला की ॲव्हरेज बदलतं. मोठ्या बॅटरीची तपासणी गाडी घेण्यापूर्वीच करून घ्या, आणि तिची हमी दुसऱ्या मालकाला लागू आहे का, ते कागदावर वाचा, तोंडी नको. सगळं नीट असूनही आकडा महिन्यागणिक खालीच जात राहिला, किंवा पडद्यावर सूचनेचा दिवा आला, तर मात्र गाडी दाखवायलाच हवी.

मी शाळा, मंडई आणि बँक एका फेरीत बसवली. क्लासला लेक सायकलनं जाते, कुरकुरत. वाकळ सासूबाईंच्या पलंगावर गेली. पुढच्या दोन टाक्यांना साडेअठरा नि एकोणीस आले. याच्या वर कऱ्हाडात जाईलसं मला वाटत नाही, आणि तसं मी वहीत लिहून टाकलं आहे.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात वन्संना फोन मीच केला. वाकळीचं सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज आला नाही. मग म्हणाल्या, "वहिनी, ह्यांनी तर गाडी परत घ्यायची तयारी केली होती ग. पैसे बाजूला काढून ठेवले होते." ते ऐकून मला कसंसंच झालं. मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि स्वयंपाकघरात गेले. बहीणभाऊ काय बोलले ते मी विचारलं नाही.

भाऊबीजेला पुण्याला गेलो. जेवणानंतर भाऊजींनी भीत भीत विचारलं, "आता किती देते?" ह्यांनी मला हाक मारली, "अगं, वही आण."